आईनाव

हिंगोलीत झेरॉक्सच्या दुकानावर
माझी दोन खुर्च्यांची कचेरी.
वसतिगृहाचा प्रवेश फॉर्म मीच बांधला.
पानावरच्या चौकटीला एक नाव,
आतल्या ऑब्जेक्टच्या खणालाही तेच.
नाव जुळलं की फ्रेमवर्क
उचलून नेतो, खणात ठेवतो.
नाही जुळलं तर टाकून देतो.
बोंबलत नाही.

पानावर मी लिहिलं होतं आईनाव,
आत मातानाव.

तीनशे बारा अर्ज आले.
जन्मतारखा बसल्या, पिनकोड बसले,
औंढ्याच्या एकानं तर पत्त्यात
लिंबाचं झाडसुद्धा लिहिलं, तेही बसलं.
आईच्या खणात सगळीकडे काही नाही.
लाल अक्षरात एक ओळ नाही.
दीड महिना कुणी विचारलंही नाही.

दुरुस्ती एका शब्दाची,
चहा निवायच्या आत झाली.
गेलेलं मात्र गेलं.
मग यादी घेतली, फोन लावत बसलो.

"आईचं नाव सांगा."
"कोण बोलायलंय?"
"कशाला पायजे?"
कळमनुरीचा पोरगा म्हणाला,
थांबा, विचारून सांगतो.

सेनगावला फोन बाईनंच उचलला.
"माहेरचं का सासरचं?"
म्हटलं, खण एकच आहे.
ती गप्प. मागं पिठाची गिरणी.
मग गिरणीच्या आवाजाखालून म्हणाली,
"इथं सगळे शोभा म्हणतेत.
तुम्ही मथुरा लिहा.
थ ला उकार द्या बरं, लोक इसरतेत."

मी उकार दिला. जतन केलं.
बंद करून पुन्हा उघडलं.

होतं.

अजून एकशे चौऱ्याण्णव.