जुना डाव

नवी आवृत्ती आली.
चौदा जीबी, भावोजींच्या हॉटस्पॉटवर,
रात्री अकरापासून उद्यमबागेचा पहिला भोंगा होईपर्यंत.
नव्वद टक्क्यांवर अनगोळातली वीज गेली,
लॅपटॉपची बॅटरी अकरावर,
मी त्याच्यावर हात ठेवून बसलो
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

सतरा वर्षं, दरसाल हेच.
दरसाल गवताचा हिरवा थोडा खरा होतो,
खेळाडूंच्या सावल्या पायाला चिकटून राहायला शिकतात,
आणि मी तोच, कडेच्या बाकावरचा मॅनेजर,
ज्याला चेंडूला पाय लावायची परवानगी नाही.
फक्त सांगायचं: वर चढा, मागं या,
डाव्या बगलेनं जावा.
मग बघायचं.
फौंड्रीत फोरमन झाल्यापासून
दिवसाही माझं हेच काम आहे.

सकाळी पडद्यावर पाटी:
जुन्या आवृत्तीतले डाव इथे उघडणार नाहीत.

जुन्या डावात साल दोन हजार त्रेचाळीस होतं.
अनगोळ स्पोर्टिंग आशियात तिसरा.
व्हॅक्सिन डेपोच्या मैदानाला चाळीस हजारांची गॅलरी,
एक झाड तोडावं लागलं नाही,
त्या खेळात झाडंच नव्हती.
आणि भरमू कंग्राळकर निवृत्त होऊन
गोलकीपरांचा कोच झालेला,
केस पांढरे, गुडघे दोन्ही शाबूत.

खरा भरमू संध्याकाळी आला.
टेंपो गल्लीच्या तोंडाशी लावून
एकेक पायरी जोखत जिना चढला.
म्हटलं, तुला पुन्हा जन्माला घालायचंय.
"घाल की," म्हणाला. "चहा ठेव आधी."

जन्मगाव: यादीत एकच नाव, सरकारी.
आपण हाक मारतो ते टाइप केलं
की चौकट लाल होते.
"असू दे," भरमू म्हणाला,
"बसची पाटी वाचून कोण कवा
चुकीच्या गावात उतरलंय?"

भाषा, वीसपैकी.
मराठी वीस.
कोंकणी सात, कॅम्पातल्या सांतानमुळं.
कन्नड?
"रेफ्रीला शिव्या देण्यापुरतं लिव्ह."
मी बारा लिहिले.
"आणि इराण्णाच्या आईशी बोलण्यापुरतं?"
सतरा केले.
तिनंच हळद लावून बांधला होता गुडघा
धारवाडच्या त्या फायनलनंतर,
ज्यात यानं पेनल्टी अडवली
आणि परत कधी उडी मारली नाही.

बाबा पलीकडून विचारतात,
"निकाल लागला काय रे?"
खेळाचा की सीमेचा,
हे विचारायचं मी सोडून दिलंय.
दोन्हीला उत्तर एकच:
तारीख पुढं गेली.

चपळाई.
वीस लिहायला गेलो तर त्यानं मनगट धरलं.
"खरं लिव्ह."
"खरं लिहिलं तर कोण घेणार तुला संघात?"
"मॅनेजर तूच न्हवं?"

चपळाई सहा. उडी चार. वय छत्तीस.
धैर्य अठरा. ते त्यानं स्वतः टाइप केलं,
एका बोटानं, डिझेलचा वास असलेल्या.

पहिलाच सामना, त्याला गोलात उभा केला.
खेळातल्या सहाय्यकानं तीनदा बजावलं:
हा निर्णय योग्य वाटत नाही.
नवव्या मिनिटाला गोल. बाविसाव्याला दुसरा.
भरमू पडद्यातल्या भरमूवर ओरडला,
"अरे पुढं ये की! सगळा कोपरा मोकळा सोडलायस!"
खुर्चीतून अर्धा उठला,
गुडघा कट्कन वाजला, बसला.

तीन-शून्य.
बदली खेळाडूच्या बटणावर माझं बोट.
त्यानं ते बघितलं. मी त्यानं बघितलेलं बघितलं.
मध्यांतर झालं.

सकाळी त्याला गोकाकचं भाडं होतं.
चप्पल पायात सरकवत म्हणाला,
"उरलेला अर्धा उद्या.
सेव्ह कर."