दस्ता

देवळालीहून सुभेदार निवृत्ती आहेर आले,
सायकलच्या कॅरिअरला गोणपाट. आत बंदुकीचा दस्ता.
लोखंड केव्हाच काढलेलं,
लिलावाच्या भंगारात किलोच्या भावानं मिळालेला.
"अक्रोड आहे. काठी होईल का याची?"

काठी नाही होणार, म्हटलं. मूठ होईल.

मी भद्रकालीतला सुतार. हात सागावर बसलेला,
पेठ-सुरगाण्याकडचा साग, तेलकट, सरळ नसेचा.
आणि अक्रोड? तो तर मी शेकड्यानं चिकटवतो
गंगापूर रोडच्या स्वयंपाकघरांत:
सनमायकाचा 'वॉलनट', आठ बाय चार,
दर दोन फुटांनी तीच गाठ पुन्हा.

रंध्याच्या पहिल्या चार हातांना नुसता मळ निघाला,
जवसाचं तेल, घाम, कुणाकुणाचा.
मग आतून वर आला तो रंग.
तपकिरी म्हणू नका.
वांग्याच्या देठाखाली असते तशी जांभळी झाक होती,
घटकाभर.
पटाशी आडव्या नसेला घातली तरी ढलपी तुटेना,
सोललेल्या मोसंबीसारखी वळत वळत आली.
मऊ नाही, कडक नाही. ऐकणारं लाकूड.
पीळ धरत नाही, धक्का पोटात घेतं,
म्हणून तर खांद्याशी नेमलेलं.

एका रात्री ओल्या फडक्यासकट कानस त्यावर राहिली.
सकाळी शाईसारखा डाग.
लोखंडाला ते विसरलं नव्हतं, एवढं समजलो.

एके जागी खोलगट, गुळगुळीत.
"गालाची जागा," आहेर म्हणाले,
आणि भर दुकानात गाल टेकवून दाखवला.
एक डोळा मिटला.
उघड्या डोळ्याला काय दिसतंय
ते पाहायला मी थांबलो नाही,
चहा सांगायला गेलो.

तेवढी जागा रंधली नाही.
मूठ अशी कापली की तिथे अंगठा बसावा.
खाली दांडा सागाचा, कुसू घट्ट, खिळा एकही नाही.

साग उन्हानं काळवंडतो. हे लाकूड उलटं,
वर्षं जातील तसं उजळतं, मधाकडे झुकतं.
सांगितलं तर आहेर हसले,
"म्हणजे माझ्यानंतरच गोरं होणार!"
पैसे मोजले, पाच रुपये जास्तच,
आणि टेकत टेकत गेले, सायकल हातात धरून.

आज 'वॉलनट'ची सहा शीटं उतरवली.
गिऱ्हाईक विचारतं, खरंच अक्रोड असतो का हो हा?
नखांतलं काळं अजून साबणाला दाद देत नाही.
मी हात पुढे केला.