पायपुसणी

बोट धक्क्याला लागली तेव्हा धुकं इतकं होतं
की हेरगायरला मी दिसले, कुत्रा दिसला नाही.
"आणलंस?"
मी घोंगडीचा कोपरा उचलला.
त्यानं मोजले. माणसं मोजतातच.
एक, दोन, तीन,
आणि मग उगाच समुद्राकडे पाहिलं.

त्याचं नाव स्नार. आमच्या बेटांवर याचा अर्थ चपळ.

तोर्शहावनच्या डॉक्टरीणबाईंनी कागद दिला होता:
गोळी दर आठ तासांनी,
उठवताना पोटाखालून टॉवेलची झोळी,
चौदा दिवस उडी नाही, जिना नाही,
आणि सगळ्यात खाली, पेनानं, घाईघाईत,
जमीन घसरडी नको.

माझ्या घरात तर दारापासून चुलीपर्यंत लिनोलियम,
आईनं घातलेलं, आणि दर शनिवारी इतकं घासलेलं
की दिवा त्यात दुसऱ्यांदा पेटायचा.
स्नार त्यावर उभा राहिला
आणि मागचा उरलेला पाय
न सांगता बाजूला निघून गेला.

त्या रात्री तो कण्हत राहिला.
हे दुखणं नाही, औषधाचं बरळणं आहे,
असं बाईंनी बजावलं होतं.
पहाटे तीनला हा फरक कोणाला कळतो?
गोठलेल्या मटारांची पिशवी फडक्यात गुंडाळून
मी त्याच्या भादरलेल्या कुल्ल्याशी धरून बसले.
सव्वीस टाके. भोवती जांभळं, मग हिरवट,
वादळ येण्याआधी खाडीवर दिसतं तसं.
तारेचं कुंपण माझंच होतं.
वसंतात दुरुस्त करणार होते.

सकाळी हेरगायर न्हाणीघरातलं पायपुसणं घेऊन आला.
ओलंच. काखेत मारून.
दुपारी सोल्रुनचं आलं, निळं, कडेला उसवलेलं.
मास्तरांचं. मग बोटीच्या इंजिनखोलीतलं रबराचं,
डिझेलचा वास मारणारं.
चर्चच्या दानियलनं आतल्या खोलीतली पट्टीच गुंडाळून आणली,
"रविवारपर्यंत," म्हणाला, "मग बघू."
आणि एकदा दार उघडलं तर उंबऱ्यावर
बिलाचं काथ्याचं.
मेंढ्याच्या भांडणावरून सहा वर्षं
ती माझ्याशी बोललेली नाही.
नंतर मी जाता जाता पाहिलं,
तिच्या दारात ओलं वर्तमानपत्र पसरलेलं होतं.

पायपुसणं म्हणजे पाय पुसायचं.
आमच्याकडे एक आधीच पुसला गेला होता.

चूल ते दार, अकरा पायपुसणी.
पाचव्या दिवशी स्नार निघाला.
प्रत्येकावर थांबून, नाक खुपसून,
कोणाकडे काल मासा होता, कोणाची मांजर व्याली,
सगळं सावकाश वाचत.
पडला. मी धावले नाही.
म्हणजे धावले, पण अर्ध्यात थांबले,
कारण त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी बाबांकडे पाहायची, सायकल शिकताना.
मग कुल्ला झटकून उठला
आणि मास्तरांच्या पायपुसण्यावर मुतला.

टाके निघाले. केस येताहेत, थोडे वेगळ्या रंगाचे.
मेंढ्या उतरवायला तो डोंगरावर आला नाही,
खाली फाटकाशी बसून भुंकला,
आणि मेंढ्यांनी ते पूर्वीइतकंच मनावर घेतलं.

फक्त संध्याकाळी त्याचा डावा कान खाजतो.
तेव्हा कातडीखाली, व्रणाच्या जरा वर,
काहीतरी भराभर हलायला लागतं.
मान कलते, डोळे अर्धे मिटतात,
नसलेला पाय कानाकडे निघालेला असतो
आणि स्नार त्याची वाट बघत असतो.
मी विणकाम खाली ठेवते.
कानामागे बोटं घालते, जोरात,
तो हलत असेपर्यंत.

पायपुसणी सगळी धुऊन परत केली.
बिलाचं तेवढं राहिलंय.
तिच्या दाराला तीन पायऱ्या आहेत.
स्नारला त्या जमतात का,
तेवढंच बघायला जाईन म्हणते.