लग्नातलं भांडं

उणे बावन्न.
आकडा सांगून काही कळत नाही.
असं सांगते: आकुलिना मावशीने चहाचा चोथा
दाराबाहेर भिरकावला,
तो जमिनीवर पडताना खडखडला.

पहाटेचे चार. परीक्षा नऊला, जिल्ह्याच्या गावी,
मधे नव्वद किलोमीटर गोठलेली लेना नदी,
हिवाळ्यात तीच रस्ता.
मी चौदा वर्षांची, पँटीवर पँट चढवलेली,
भूमितीची सूत्रं ओठांवर, ओठ लोकरीत.

मावशीची गाडी अर्धी घरात राहायची.
बॅटरी पलंगाखाली, नव्या वासरासारखी,
गोणपाट पांघरून.
आणि तेल चुलीवर, माशाच्या रश्श्याला खेटून,
जोडीतल्या दुसऱ्या भांड्यात.
भांडं लग्नातलं. त्यावरून प्रोकोपीकाकांशी
ती अकरा वर्षं भांडली.
काका गेले. भांडं तेलाचंच राहिलं.

काका म्हणायचे, लोखंडाला बाहेर झोपू दे,
रक्त मात्र घरात झोपलं पाहिजे.
मावशीला असली वाक्यं खपत नसत.
"घट्ट होतं, म्हणून काढते," ती म्हणायची,
आणि रोज रात्री, इंजिन ऊन असतानाच,
आडवी होऊन बोल्ट सोडायची.

आधी चुलीला घास:
लोण्यात बुडवलेला धिरड्याचा तुकडा.
मग मला. मग स्वतःला, उभ्याउभ्या.

बाहेर तिने ब्लोलँप पेटवला.
निळी जीभ गुरगुरली.
धिरडं तर आत राहिलेलं,
तिने नुसतीच चिमूट त्या ज्योतीकडे उडवली, रिकामी.
मी पाहिलं हे तिने पाहिलं,
आणि नाक पुसल्यासारखं केलं.

धुराड्याचा वाकडा पाइप,
एक तोंड आगीला, दुसरं इंजिनाच्या पोटाला.
वर काकांची रजई.
गाडीला गावात पावाची लादी म्हणतात, दिसतेच तशी;
मावशी हातमोजा काढून खालून चाचपायची,
भाजला का बघायला.

पाऊण तासाने आम्ही आत.
"तेल झालं, हे कळतं कसं?"
तिने चमचा वर धरला.
तेल आधी लोंबलं,
मग रेंगाळलं, सायीसारखं,
मग नुसतंच पडलं.
"आता."

किल्ली. टक्.
किल्ली. खोकला, म्हाताऱ्याचा, लांबचा.
मावशी इंजिनाशी काही बोलत नाही. काका बोलायचे.
तिसऱ्यांदा गाडी थरथरली
आणि थरथरतच राहिली.

तिचा एर्चिम याकुत्स्कला असतो.
त्याची गाडी रात्रीतून चारदा
आपोआप सुरू होते, आपोआप बंद,
मालक झोपेत.
हे ऐकून मावशी घाबरली होती:
"आत कोणी नसताना?"

रात्रभर उभं राहून टायर चपटे झालेले.
पहिले दोन किलोमीटर आम्ही
चौकोनी चाकांवर गेलो, धडक धडक.
माझ्या भूमितीत असलं चाक नव्हतं.

एक वाजता मी शाळेतून बाहेर आले.
लादी तिथेच, सुरूच, पांढऱ्या धुरात.
इथे बंद करायची सोय नसते.
काचेवर बर्फ, त्यात पेल्याएवढं भोक,
भोकातून मावशी:
मान स्टिअरिंगवर, तोंड उघडं, गाढ,
मांडीवर ते भांडं,
रस्त्यात बंद पडलीच तर.

मी काच वाजवली नाही.
नाक शाबूत राहील तितका वेळ
तशीच उभी राहिले.