परिच्छेद चारशे बारा

छापखान्याला रात्री बाहेरून कुलूप.
फोन काढून घेतले, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकले,
डब्यापाशी एक पोलीस.
उद्या दहाला नवा अर्थमंत्री
अख्ख्या अक्रासमोर ब्रीफकेस उंचावेल;
आज मात्र देशाची तिजोरी माझ्या टेबलावर आहे
आणि मी तिच्यातली शून्यं मोजते आहे.

हे माझं चौथं सरकार.
विहीर तीच कोरडी, पोहरा मात्र दर वेळी नवा,
असं नी लान्ते म्हणतो
आणि यंत्राला तेल घालतो.

कर्जाचे हप्ते. कोको. मीठ. डिझेल.
अनुदान 'सुसूत्र' केलं आहे, म्हणजे कापलं आहे.
असे शब्द मला दुरून चालीवरून ओळखू येतात,
उसने मागायला येणाऱ्या नातेवाइकांसारखे.

चारशे अकरा. मासेमारी बंदरांची डागडुजी.
चारशे तेरा. सट्ट्यावरचा कर.

पान उलटून पाहिलं.
परत पाहिलं.

चारशे बारा म्हणजे आमची भिंत.
केटाच्या पलीकडे, समुद्र आणि आमचं गाव
यांच्या मधली, दगडी.
अठरा वर्षं मीच तपासली ती.
एकदा सुटलेला स्वल्पविराम भरला,
एकदा खर्चातलं आगाऊ शून्य काढलं.
बांधली कुणीच नाही.
पण कागदावर काय सरळ उभी असायची!

लाल पेनने समासात लिहिलं : ४१२ कुठे?

तासाभराने चिठ्ठी आली,
अक्षर नीटस, कुणी तरुण असावा :
'जे होणार नाही ते या वेळी लिहायचं नाही, असं ठरलंय.
कृपया पुढचे आकडे ओढून घ्यावेत.'

खरं बोलणाऱ्यावर चिडायचं कसं,
हे मला कुणी शिकवलेलं नाही.

मग ओढत बसले.
तेराचं बारा, चौदाचं तेरा,
थेट सहाशे अठ्ठ्याऐंशीपर्यंत.
लहानपणी किनाऱ्यावर जाळं ओढायचो तशी,
तेव्हा दोराला सगळं गाव असायचं.
पहाटेपर्यंत कुठे फट उरली नाही.

डब्यातून फोन मिळाला.
एडेमने रात्री फोटो पाठवलाय,
खाली एक अक्षर नाही.
प्रार्थनाघराच्या पायऱ्या, पाण्यात.

तिकडे टीव्हीवर ब्रीफकेस वर गेली, टाळ्या वाजल्या.
मी फोटो मोठा करून पायऱ्या मोजल्या.
चार.
सवयीने पुन्हा मोजल्या.