हजेरीवही

शनिवारी रात्री मी पेले मोजतो.
चोवीस होते, बारके, ॲल्युमिनियमचे,
कुणीतरी मिरजेहून पाठवलेले, मी पाळक होण्याआधी.
आता बावीस. एक दिघ्यात हरवला,
दुसऱ्याचा पत्ता नाही.
करुणा काळे मनुके उकळते,
जुन्या ओढणीतून रस गाळते
आणि मान वर न करता विचारते,
या खेपेला कमीच लागेल ना?

लागतो कमीच.

दिघ्यात आम्ही टायपिंगच्या क्लासात बसतो.
झाकलेली यंत्रं भिंतीशी ओळीने,
ओळख नसलेल्या सोयऱ्यांसारखी
प्रार्थना ऐकून घेतात.
रबाळ्याला खाणीतली माणसं, त्यांची उपासना रात्री नऊला,
आंघोळ झाल्यावर. तरी केसांत भुकटी राहतेच.
डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला
की माझाच तळवा पांढरा होतो.
तुर्भ्याला मंडळी होती, आता तीन घरं आहेत.
आणि उलव्याला सलोमीबाई उमाप.

एकट्या.

हे शहर आधी कागदावर झालं, मग जमिनीवर.
सेक्टर, नाला, बाजार, स्मशान,
दूधकेंद्रालासुद्धा नंबर.
अठरा वर्षं एकच अर्ज घेऊन मी बेलापूरला जातो.
साहेब बदलले, पंखे बदलले.
नकाशावर बोट फिरवून सांगतात,
पाळकसाहेब, तुमचं काही दिसत नाही हो इथे.
आणि रविवारी मीच उभा राहून म्हणतो,
बंधुभगिनींनो, प्रभूची योजना आहे.
म्हणताना घशात बारीक काहीतरी अडकतं.
ती योजना मला कुणी उलगडून दाखवलेली नाही.
कुठल्या टेबलावर मागायची, तेही ठाऊक नाही.

गेल्या महिन्यात कमिटीने ठराव केला.
उलवे बंद करावे.
एका माणसासाठी पेट्रोल, पेले, अर्धा रविवार,
हिशेब बसत नाही.
नव्याण्णव मेंढरांची गोष्ट सगळ्यांना पाठ होती.
कुणी काढली नाही.
मीही नाही. सही केली,
घडी घालून खिशात ठेवली.

खाडीच्या पुलावर स्कूटर दोनदा बंद पडली.
ओहोटी होती. खारफुटीखाली चिखल उघडा,
त्यावर निवट्या उड्या मारत होत्या,
कुणी बघतंय की नाही याची फिकीर न करता.

सलाम, पाळकसाहेब. बाई दारातच होत्या.
त्यांचं गाव विमानतळात गेलं,
आणि हे सगळे भाडेकरू, भरपाईच्या यादीत नसलेले.
अकरा घरं पांगली.
कुणी करंजाड्याला, कुणी पेणपर्यंत,
वाघचौऱ्यांचा अबनेर तर कुठे गेला
ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही.

मी खिशात हात घातला,
तेवढ्यात त्यांनी हजेरीवही पुढे केली.
बघून सही करा.

सगळी नावं होती. अकराही घरांची.
प्रत्येक रविवारच्या रकान्यात, प्रत्येक नावापुढे
पेन्सिलची खूण: हजर.
बाई, मी म्हणालो, हे तर येत नाहीत.
हो की. मी एकेकाचं नाव घेते, मग खूण करते.
कुठे हजर, ते प्रभूला माहीत.
मला कशाला माहीत पाहिजे?

शेवटच्या ओळीत माझं नाव होतं.
जूनमधले दोन रविवार मी आलोच नव्हतो,
कमिटीला मात्र आलो म्हणून सांगितलं होतं.
त्या दोन रकान्यांतही तीच खूण,
तेवढीच ठळक.

मी सही केली. हात नीट चालला नाही.

मग भाकर मोडली. दोन पेले भरले.
तेवढ्यात छपरावरून एक विमान उतरू लागलं,
तावदान थरथरलं, मांडणीतली ताटं वाजली.
बाईंनी न बोलता तळव्याने पेला झाकला,
आवाज जाईपर्यंत तशाच थांबल्या,
मग म्हणाल्या, हं, चालू द्या.

ठराव अजून खिशातच आहे.
पुढच्या बैठकीत काय सांगायचं, सुचलेलं नाही.
परतताना स्कूटर एकदाच बंद पडली.