पाना कितीचा?

चिंचोली फाट्यावर बाबांचं वर्कशॉप:
चार टिना, एक कडुनिंब,
आणि मागच्या अंगाला दीड खाटेएवढी काळी जागा.
सत्तावीस वर्षं जळकं ऑईल तिथेच ओतलं,
पंपांचं, थ्रेशरचं, उरकुड्यांच्या म्हाताऱ्या ट्रॅक्टरचं.
तिथे तरोटाही उगवत नव्हता,
आणि तरोटा न उगवणं म्हणजे आमच्याकडे
जमिनीनं माणसाशी बोलणं टाकणं.

यंदा पोळ्याला घरी आले
तर डागाच्या काठावर
हराळी तीन बोटं आत सरकलेली.

चमच्यानं माती उचलली,
लोणच्याच्या बरणीत भरली,
आणि मांडीवर घेऊन एसटीत बसले यवतमाळपर्यंत.
बाजूची बाई म्हणाली, “कायचं वं, आंब्याचं?”
मी हो म्हटलं.
वास आल्यावर तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं.

सहा कोन, सहा कर्ब,
हातात हात इतके घट्ट
की कोणता इलेक्ट्रॉन कुणाचा
ते त्यांनाही सांगता येत नाही.
पुस्तकात या कुळाचं नाव सुगंधी.
ज्यानं ठेवलं त्यानं
बाबांचा शर्ट कधी धुतला नसावा.

पंधरा दिवसांत थाळीवर ठिपके आले,
मोहरीएवढे, पांढुरके,
लग्नात मागच्या पंगतीला बसणाऱ्या पाहुण्यांसारखे.
कॅटेकॉलचा फवारा मारला.
मिनिटही गेलं नसेल,
नऊ ठिपके पिवळे.
हळदीसारखे नव्हे, लिंबासारखे नव्हे;
पऱ्हाटीचं फूल पहिल्या सकाळी असतं
तेवढेच.

पिवळं म्हणजे कडी तुटली.
म्हणजे आत कुठेतरी एक विकर
मधोमध लोखंडाचा एकच अणू धरून
हवेतला ऑक्सिजन उचलतं, दोन्ही अणू,
आणि कडीच्या सांध्याशी बसवतं.
ठोकत नाही.
तापवत नाही.
कडीची होते साखळी,
साखळीचे तुकडे,
आणि तुकडे कुणाच्या तरी साध्या जेवणात जातात.

रात्री बाबांना फोन केला.
पिस्टनच्या रिंगा काढण्यात हयात गेलेली,
त्यांना कडी समजावून सांगावी लागली नाही.
“पाना कितीचा लागते?”
“लोखंडाच्या एका अणूचा.”
बराच वेळ नुसता कॉम्प्रेसर ऐकू आला.
“मंग गंजत असन थो.”

गंजतो.
हे कळायला मला दोन वर्षं
आणि एक फुकट गेलेला उन्हाळा लागला होता.
ज्या हवेवर त्याचं काम चालतं
तीच हवा त्याचं लोखंड खाते,
पाना हातातल्या हातात निकामी होतो.
मग एक लहानसं प्रथिन शेजारून येतं,
गंज उतरवतं,
आपल्या कामाला निघून जातं.
मी हे सांगतच होते तर मध्येच म्हणाले,
“आपल्या इथं थे काम तुही माय करते.
राकेल लावून. इतवारी.”
मागून आईचा आवाज आला, काय म्हणाली ते नीट ऐकू आलं नाही.

दिवाळीत गेले.
ऑईलसाठी आता दाराशी पिंप,
त्यावर खडूनं लिहिलेलं: “इथं ओता, मागं नाई.”
शब्द आईच्या अक्षरातले.
मागे गेले तर काळ्या जागेच्या काठावर
वीस-बावीसचा पाना आडवा ठेवलेला,
हराळी कुठवर येते ते पाहायला.
ती बावीसच्या तोंडातून
पलीकडे गेली होती.

पाना तांबूस झाला होता, पार गंजलेला.
आईनं तो उचलला नव्हता.